शाळेत आणि गल्लीत पर्यावरणाचं काम सुरू करायचंय? एक जागा, एक वही आणि एक वर्ष

५ जूनला जागतिक पर्यावरण दिन असतो आणि त्या दिवशी आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, मग एखाद्या दिवशी परिपाठाला सगळ्यांना ग्राउंडवर उभं करून हात पुढं करायला लावतात, ‘पाणी वाचवीन, झाडं लावीन, पर्यावरणाचं रक्षण करीन’ अशी शपथ होते, फोटो निघतो आणि पहिला तास सुरू. आठवीत असताना मी ती शपथ मोठ्यानं आणि मनापासून म्हटली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नक्की काय करायचं असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, सरांनाही आलं नसतं.

आता मी बारावीला आहे, कोल्हापुरातच. मधल्या चार वर्षांत जे जमलं आणि जे फसलं ते सगळं इथं लिहितेय, म्हणजे आठवी-नववीतल्या कुणाला सुरुवात करायची असेल तर आमच्यासारखं पहिलं वर्ष वाया जायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे की शपथ खूप मोठी असते, म्हणून ती मोडली तरी कळत नाही. ती इतकी लहान करा की मोडली की लगेच त्याच दिवशी कळलं पाहिजे.

पायरी १: एकच जागा निवडा

‘प्लास्टिकमुक्त कोल्हापूर’ वगैरे नको. ‘आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीजवळ पालापाचोळा जाळतात, तो ३१ मार्चपर्यंत थांबवायचा’ हे चालेल. ‘मुलींच्या टॉयलेटजवळचा गळका नळ’ हे चालेल. ‘आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याचा कोंडाळा भरून वाहतो’ हेसुद्धा चालेल. जागा अशी पाहिजे की तुम्ही आठवड्यातून निदान चार वेळा तिथून जाता. रंकाळा तलाव सगळ्यांना आवडतो, पण तुम्ही कदमवाडीत राहत असाल तर रंकाळ्यावर महिन्यातून एकदा जाणार, मग ते काम होत नाही, फक्त ट्रिप होते.

जागा निवडताना एक प्रश्न स्वतःला विचारा, हे बिघडलंय कशामुळं आणि त्यातलं माझ्या हातात किती आहे? पंचगंगा नदीत मैलामिश्रित सांडपाणी जातं ते तुम्ही चौघं मिळून थांबवू शकणार नाही, त्याला ड्रेनेज लाईन आणि शुद्धीकरण केंद्र लागतं आणि ते महापालिकेचं काम आहे. पण घाटावर निर्माल्याची प्लास्टिक पिशवी पाण्यात जाते ती तुमच्या आजीच्या हातातली असू शकते. दोन्ही गोष्टींसाठी काम करता येतं पण पद्धत वेगळी आहे, एकीकडं मागणी करायची आणि दुसरीकडं स्वतः करायचं. हे दोन्ही एकत्र केलं की मुलं दमतात आणि मग म्हणतात, काही उपयोग होत नाही.

पायरी २: दोन आठवडे काही करायचं नाही, फक्त मोजायचं

ही पायरी सगळे सोडून देतात आणि मला वाटतं हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर जागेचं नाव, तारीख आणि तुमचं एका ओळीचं वचन. पुढं रोजचे आकडे.

कचरा मोजायचा असेल तर भंगारवाल्याकडं असतो तसला लटकवायचा ताणकाटा आणा, पाच दिवस शाळा सुटताना सगळ्या वर्गांतला कचरा एका ताडपत्रीवर ओता आणि वेगळा करून वजन घ्या. हातमोजे घालूनच, आणि बाथरूममधला कचरा उघडायचा नाही. कागद, खाऊची चकचकीत पाकिटं, बाटल्या, डब्यातलं आणि पोषण आहारातलं उरलेलं अन्न, झाडांचा पाला, एवढे भाग पुरे. आम्हाला वाटलं होतं की सगळ्यात जास्त प्लास्टिक असणार. ढीग बघितला तर तसंच दिसतं कारण पाकिटं फुगीर असतात. पण काट्यावर घातल्यावर कळलं की वजनात सगळ्यात जास्त ओला कचरा आणि पाला होता, म्हणजे जे कंपोस्टमध्ये जिरवता येतं तेच आपण टिप्परमध्ये, म्हणजे महापालिकेच्या कचरागाडीत भरून कसबा बावड्याच्या कचरा डेपोला पाठवत होतो. हे कळलं नसतं तर आम्ही वर्षभर फक्त प्लास्टिकची पोस्टरं रंगवत बसलो असतो.

नळाचं सोपं आहे. गळक्या नळाखाली मेजरिंग जार ठेवा, लॅबमधला चालतो, बरोबर १० मिनिटं. १०० मिली जमलं तर तासाला ६०० मिली, दिवसाला १४ लिटरच्या वर आणि महिन्याला साधारण ४३० लिटर. असले चार नळ असतील तर गुणाकार करा आणि तो आकडा नळाजवळच लिहून चिकटवा. आमच्या शाळेत तीन वर्षं गळणारा नळ तो कागद लावल्यावर आठवड्यात दुरुस्त झाला, नुसत्या वॉशरचं काम होतं.

पंख्यांचंही तसंच. साधा पंखा साधारण ७५ वॅटचा धरा, ४० पंखे मधल्या सुट्टीत अर्धा तास रिकाम्या वर्गात फिरत राहिले तर दिवसाला दीड युनिट, शाळेचे २२० दिवस धरले तर ३३० युनिट. वर्गाचा मॉनिटर बाहेर पडताना बटण बंद करतो, बास, यात अजून काही लिहिण्यासारखं नाही.

पायरी ३: शिपाई मामा आणि स्वच्छतेच्या मावशींना आधी भेटा

मुख्याध्यापकांकडं नंतर जा. शाळेत कचरा कुठं जातो, पाणी कधी येतं, टाकी कधी भरून वाहते, पाला का जाळतात हे त्यांनाच माहीत असतं. आमच्या मावशी पाला जाळायच्या कारण टिप्परवाला पाल्याची पोती घ्यायचा नाही, आणि पाला पडून राहिला की बोलणी त्यांनाच बसायची. आम्ही जर सरळ ‘मावशी पाला जाळतात’ अशी तक्रार केली असती तर एका गरीब बाईला त्रास आणि पाला तिथंच. त्याऐवजी आम्ही त्यांना विचारलं की पाला टाकायला जागा मिळाली तर चालेल का, त्या म्हणाल्या, “चालंल की, मला काय हौस हाय व्हय धूर खायची?” पुढं कंपोस्टचं सगळं त्यांच्याच सल्ल्यानं झालं.

मग विज्ञानाच्या किंवा ज्यांना झाडांची आवड आहे अशा एका सर-मॅडमना गाठा. शाळेत हरित सेना असेल तर तिच्या नावाखाली काम करा, राष्ट्रीय हरित सेनेची योजना राज्यात सामाजिक वनीकरण विभागामार्फत चालते, बऱ्याच शाळांत ती फक्त फलकावर असते पण फलक आहे म्हणजे परवानगी अर्धी मिळाली. नववी-दहावीला जलसुरक्षा विषयाची वही आणि प्रकल्प असतोच, हे काम त्यात बसवता येतं, म्हणजे घरचेही ‘अभ्यास सोडून काय चाललंय’ म्हणत नाहीत.

मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज एका पानाच्या वर नको. आम्ही काय बघितलं, आकडे किती आले, आम्ही काय करणार, आम्हाला काय पाहिजे, जबाबदार मुलं कोण. आणि शेवटी ‘एक महिना ट्रायल द्या’ असं नक्की लिहा. कायमची परवानगी द्यायला कुणीही कचरतं, महिन्याची ट्रायल लगेच मिळते. मूठभर मुलंच पुरतात, चौघं-पाच जण. पन्नास जणांची यादी केली की कुणाचंच काम राहत नाही.

पायरी ४: कंपोस्ट, नीट

जुना २०० लिटरचा ड्रम घ्या, तळाला आणि बाजूनं बोटाएवढी भोकं पाडा, चार विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा जाते. तळाला फांद्या-काटक्या, वर वाळका पाला. मग ओला कचरा एक भाग टाकला की त्यावर वाळका पाला निदान तीन भाग, मापाला तीच घमेली वापरा. मूठभर शेणखत किंवा जुनं कंपोस्ट विरजणासारखं घाला. आठवड्यातून एकदा वरखाली करा. ओलावा बघायला मूठ दाबायची, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, पाणी गळलं तर पाला घाला, भुगा हातातून सुटला तर पाणी शिंपडा. दोन-तीन महिन्यांत काळं, पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत तयार होतं.

आमचा पहिला ड्रम जुलैत सडला. वास असा सुटला की शेजारच्या वर्गानं खिडक्या लावल्या आणि काम बंद करा म्हणून सांगण्यात आलं. कारण नंतर समजलं, पोषण आहारातली उरलेली खिचडी आम्ही रोज ओतत होतो आणि कोल्हापूरच्या पावसात वाळका पाला मिळतच नव्हता, सगळं ओलंचिंब. नुसतं ओलं आणि हवा नाही म्हटल्यावर ते कुजत नाही, सडतं. तेव्हापासून आम्ही फेब्रुवारी-मार्चमधल्या पानगळीचा पाला पोत्यांत भरून पत्र्याच्या शेडखाली ठेवतो आणि तो जून ते सप्टेंबर वापरतो. जो पाला उन्हाळ्यात जाळला जायचा तोच पावसाळ्यात कामाला येतो. ज्यांची शेती आहे त्यांनी उसाचं वाळलेलं पाचट बारीक तोडून आणलं तरी उत्तम चालतं, आणि मग घरी वडलांशी पाचट न जाळण्याचा विषयही निघतो. तो विषय उपदेश करून काढायचा नाही, एका सरीआड पाचट ठेवून बघूया का एवढंच विचारायचं. पाचटाखाली ओल टिकते आणि तण कमी येतं, हे एका हंगामात डोळ्यांना दिसतं.

शिजवलेलं अन्न टाकायचंच असेल तर थोडंच, आणि मधोमध गाडून. तेलकट आणि मांस-मच्छी नको, उंदीर येतात. मुलींच्या टॉयलेटमधले पॅड कंपोस्टमध्ये किंवा सुक्या कचऱ्यात जाता कामा नयेत, कागदात गुंडाळून लाल ठिपका करून वेगळ्या डब्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनच हे वेगळं ठेवायला सांगितलंय, आणि कचरा उचलणाऱ्या माणसाचे हात उघडे असतात हे विसरू नका.

पायरी ५: झाडं, पण मे महिन्याचा हिशोब धरून

मी नववीत असताना आम्ही जूनमध्ये २५ रोपं लावली, पुढच्या जूनला ३ उरली. तीन! नंतर खड्डे उकरून बघितले तर काही रोपं काळ्या पिशवीसकट लावलेली होती, मुळं पिशवीतच गोल फिरून मेलेली. बाकीची मे महिन्यात वाळली. शाळेला मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी, म्हणजे जेव्हा रोपाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच शाळेत कुणी नाही. म्हणून आधी मे महिन्यात पाणी घालायला कोण येणार त्यांची नावं लिहा, जेवढ्या रोपांना माणूस मिळेल तेवढीच रोपं लावा. आम्ही पुढच्या वर्षी फक्त ८ लावली.

खड्डा दीड-दोन फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यातच काढून ठेवला तर ऊन खातो. माती आणि कंपोस्ट मिसळून भरायचा, रोप निदान तीन फुटांचं घ्यायचं, पिशवी ब्लेडनं फाडून काढायची आणि पिशव्या मोजायच्या, ८ रोपं तर ८ पिशव्या हातात आल्याच पाहिजेत. आधाराला काठी, बांधायला जुन्या साडीची पट्टी, तार नको, तार खोडात रुतते. बुंध्यापासून चार बोटं सोडून पाल्याचा जाड थर. हिवाळ्यात आठवड्याला एक बादली, उन्हाळ्यात दोनदा, आणि ही काळजी निदान तीन उन्हाळे.

कुठलं झाड? आपल्या मातीतलं. करंज, जांभूळ, कडुनिंब, ताम्हण, बहावा, कांचन, अर्जुन, नदीकाठाजवळ असाल तर उंबर. वड-पिंपळ भिंतीजवळ अजिबात नको, विजेच्या तारेखाली कांचन किंवा बहावा. ताम्हण हे आपलं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळं होऊन जातं. ग्लिरिसिडिया आणि निलगिरी भरभर वाढतात म्हणून लोक लावतात, पण त्यांच्यावर आपल्याकडचे पक्षी-किडे फारसे जगत नाहीत, माझं स्पष्ट मत आहे की शाळेत लावू नयेत. रोपं वनमहोत्सवाच्या काळात सरकारी रोपवाटिकेत सवलतीत मिळतात, शाळेचं पत्र घेऊन जा.

आणि नवीन लावायच्या आधी जुनी वाचवा. शाळेसमोरच्या झाडाला किती खिळे आहेत मोजा, बुंध्याभोवती सिमेंट किंवा पेव्हिंग ब्लॉक घट्ट बसवलेत का बघा. चाळीस वर्षांचा एक करंज जेवढी सावली देतो तेवढी आपली ८ रोपं कधी देणार?

पायरी ६: गल्लीत जायचं ते तालमीतून

कोल्हापुरात पेठेत काही करायचं तर तालीम मंडळाला, म्हणजे गल्लीतल्या तरुण मंडळाला धरल्याशिवाय होत नाही. आम्ही आधी घरोघरी पत्रकं वाटली, काही झालं नाही. मग मंडळाच्या एका दादाला आमची वही दाखवली, आकडे बघून तो म्हणाला, “हे मंडळात सांग की, रविवारी ये.” पाच मिनिटं बोलले, हात थरथरत होते, पण त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या मांडवाशेजारी निर्माल्यासाठी वेगळा पिंप आला.

सणांच्या आधी महिनाभर जा, सणाच्या दिवशी नको. गणपतीत घरगुती मूर्ती गौरीबरोबर विसर्जनाला जातात, महापालिका आणि मंडळं बऱ्याच ठिकाणी काहिली ठेवतात, तीच गुऱ्हाळातली काहील. तिथं उभं राहून लोकांना अडवायचं नाही, फक्त हार, प्लास्टिक, कापड वेगळं काढून घ्यायला दोन टोपल्या ठेवायच्या. शाडूची मूर्ती असेल तर घरीच बादलीत विरघळते आणि ती माती पुढच्या वर्षी वापरता येते. घरात प्लॅस्टरची आलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं शोधलेली पद्धत आहे, मूर्तीच्या वजनाएवढं अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवून त्यात मूर्ती ठेवायची, काही दिवसांत कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ आणि अमोनियम सल्फेटचं पाणी होतं, ते पाणी पातळ करून झाडांना घालता येतं. अमोनियाचा वास उग्र येतो म्हणून गच्चीवर आणि मोठ्या माणसाबरोबरच. होळीला आपल्याकडं शेणी स्मशानभूमीला दान करायची चांगली पद्धत पडलीय. होळी छोटी ठेवून उरलेल्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीत द्यायच्या, हे मंडळांना पटवावं लागत नाही, लोक आनंदानं देतात.

कॅरीबॅगवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी मंडईत मिळतेच. भाजीवाल्या मावशींशी भांडू नका. आईच्या जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून चार मावशींकडं १०-१० ठेवल्या, ५ रुपये डिपॉझिट, परत आणली की पैसे परत. पहिल्या महिन्यात निम्म्या हरवल्या, आम्ही परत शिवल्या.

पायरी ७: पाण्याजवळ जाणार असाल तर

मोठं माणूस सोबत पाहिजेच आणि पाण्यात उतरायचं नाही, पावसाळ्यात तर काठालाही नाही. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायला नको. पूर ओसरल्यावर मात्र बंधाऱ्यात आणि काठच्या झाडांना अडकलेलं प्लास्टिक लांबून फोटो काढून मोजा, आपण गटारीत काय टाकतो याचा तो हिशोबच असतो.

रंकाळा किंवा कळंबा तलाव जवळ असेल तर एक छान प्रयोग आहे. २० सेंटीमीटरची गोल पत्र्याची चकती चार भागांत काळी-पांढरी रंगवा, मध्ये वजन बांधा, दोरीला दर १० सेंटीमीटरला गाठ. काठाच्या भिंतीवरून सोडायची आणि किती गाठींवर दिसेनाशी होते ते लिहायचं, दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदानं शेवाळ वाढलं की पाणी हिरवं होतं आणि चकती लवकर गायब होते. ते शेवाळ आणि केंदाळ (जलपर्णी) रात्री ऑक्सिजन खातं, म्हणून कधीकधी पहाटे मासे तरंगताना दिसतात. चकतीबरोबर पक्षीही लिहा, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक. पाणी नीट तपासून हवं असेल तर सरांच्या पत्रानं शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात विचारा.

पायरी ८: अर्ज, पोच आणि पाठपुरावा

जे तुमच्या हातात नाही त्यासाठी अर्ज. शहरात महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत, गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट, तुमचा भाग कुठल्यात येतो ते नगरसेवकाला किंवा शेजारच्या काकांना विचारा. अर्ज पालकांच्या सहीनं, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घेऊनच बाहेर पडायचं. अर्जात ‘खूप घाण आहे’ लिहू नका, ‘१ ते १४ तारखेत ९ दिवस कोंडाळा उचलला गेला नाही, फोटो जोडलेत’ असं लिहा. आमचा पहिला अर्ज एका टेबलावरून हरवला, पोच नव्हती, परत शून्यापासून. दुसऱ्या वेळी आवक नंबर सांगितल्यावर साहेबांनी खुर्ची दिली. गावात असाल तर ग्रामसभेला आई-वडलांबरोबर जा, वही त्यांच्या हातात द्या, बोलायला सरपंच बहुतेक वेळा मुलांना देतात.

पायरी ९: वही पुढं द्या

दहावी येतेच, क्लास लागतात, काम थांबतं. त्यामुळं नववीच्या दिवाळीतच सातवी-आठवीची दोन मुलं सोबत घ्या आणि त्यांच्याकडून मोजून घ्या, तुम्ही फक्त बघा. वहीच्या शेवटच्या पानावर कामाच्या गोष्टी लिहून ठेवा, नळाची चावी कुणाकडं, पाल्याची पोती कुठं, काटा कुणाचा मागून आणलेला, कुठले अर्ज बाकी आणि त्यांचे आवक नंबर, कुठल्या झाडाला मेमध्ये कोण पाणी घालतं. आमच्या वहीत शेवटच्या पानावर ८ नावं होती, त्यातली ६ झाडं आता माझ्या डोक्यावर गेलीत. उरलेल्या दोन खड्ड्यांत यंदाच्या आठवीच्या पोरी ताम्हण लावणार आहेत, खड्डे उकरून झालेत, पिशव्या मोजायचं त्यांना सांगून ठेवलंय.